कोणत्या तारखेचं वॉर्सा?

वॉर्सा शहरातला सगळ्यात 'जुना' चौक माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे. आजीचा जन्म १९४४ सालचा, आणि हा चौक लोकांसाठी खुला झाला २२ जुलै १९५३ रोजी. चारी बाजूंना एकमेकांना चिकटलेली अरुंद, उंच घरं. कुणाचा रंग गेरूसारखा, कुणाचा फिकट हिरवा, कुणाचा हळदीसारखा. दारांना कोरीव दगडी चौकटी, मधोमध ढाल-तलवार घेतलेली जलपरी. फोटो काढून घरी पाठवलात तर कुणीही म्हणेल, काय सुंदर सतराव्या शतकातला चौक आहे! दिसतो तसाच तो. फक्त त्याच्या बहुतेक भिंती १९४५ नंतर उभ्या राहिल्या आहेत.

युनेस्कोने १९८० साली या 'स्तारे म्यास्तो'ला, म्हणजे जुन्या गावाला, जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एरवी त्या यादीत एखादी जागा मूळ रूपात किती टिकली हे पाहिलं जातं. इथे उलट झालं. पार जमीनदोस्त झालेलं गाव लोकांनी पुन्हा कसं बांधलं, यासाठी ही मान्यता आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझ्या कामाचा बराचसा भाग डेटाबेस सांभाळण्यात जातो. डेटा उडाला की घाबरलेल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, "बॅकअप आहे ना?" तो असतो बहुतेकदा. अवघड प्रश्न त्याच्यानंतर येतो: कोणत्या तारखेचा परत आणायचा? कालचा, महिन्यापूर्वीचा, की शेवटचं सगळं नीट चालू होतं तेव्हाचा? ऑफिसच्या कामाला जोडून वॉर्सात चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा मी शहरभर पायी आणि ट्रामने फिरले आणि हाच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कारण वॉर्सा हे रिस्टोअर केलेलं शहर आहे.

आधी ते पुसलं कसं गेलं

युरोपातली अनेक शहरं दुसऱ्या महायुद्धात बॉम्बखाली गेली. वॉर्साचं बरंचसं नुकसान मात्र लढाई संपल्यावर, सावकाश, ठरवून केलेलं आहे. त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तेव्हा वॉर्साची लोकसंख्या सुमारे तेरा लाख होती. १७ सप्टेंबरला राजवाडा तोफांच्या माऱ्यात पेटला. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडलं. ताबा मिळाल्यावर जर्मनांनी उरलेल्या राजवाड्याच्या भिंतींना सुरुंगासाठी भोकं पाडून ठेवली. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेन्त्स आणि त्यांचे सहकारी जिवावर उदार होऊन तिथून चित्रं, कोरीव काम, दरवाजांचे तुकडे, मिळेल ते बाहेर काढत राहिले. प्रत्यक्ष सुरुंग उडवले गेले ते पाच वर्षांनी, सप्टेंबर १९४४ मध्ये.

त्याच्या महिनाभर आधी, १ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी पाच वाजता, पोलिश भूमिगत सेनेने उठाव केला होता. विस्तुला नदीच्या पलीकडे सोव्हिएत फौजा येऊन ठेपल्या होत्या. काही दिवसांचंच काम आहे, असा हिशेब होता. लढाई ६३ दिवस चालली. सोव्हिएत फौजांनी शहर घेतलं नाही. जुन्या गावातले लढवय्ये शेवटी गटारांतून सरपटत दुसऱ्या भागात निसटले. २ ऑक्टोबरला शरणागतीवर सह्या झाल्या, तोवर सुमारे सोळा हजार बंडखोर आणि दीड ते दोन लाख सामान्य नागरिक मेले होते. अजूनही दर वर्षी १ ऑगस्टला पाचच्या ठोक्याला भोंगे वाजतात आणि चालत्या गाड्या, माणसं जिथल्या तिथे थांबतात.

शरणागतीनंतर उरलेल्या सगळ्या रहिवाशांना शहराबाहेर हाकललं गेलं. आणि मग, रिकाम्या शहरात, खास तुकड्या रस्ता धरून घर पेटवत, महत्त्वाच्या इमारती सुरुंगाने उडवत पुढे सरकत गेल्या. हिमलरचा हुकूम होता की हे शहर नकाशावर राहता कामा नये. क्राशिन्स्की ग्रंथालयातली हस्तलिखितं लढाई संपल्यावर जाळली गेली. जानेवारी १९४५ मध्ये, जर्मन निघून जाण्याच्या बेतात असताना, सार्वजनिक ग्रंथालयाला आग लावली गेली. घरं पाडणं एक वेळ युद्धाचा भाग म्हणता येईल. पुस्तकं जाळणारा मात्र बॅकअपही पुसत असतो.

'द पियानिस्ट' सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर त्या भकास रस्त्यातून एकटा चालत जाणारा वादक आठवेल. तो व्वादिस्वाव श्पिलमान. त्याच्यासारखी अवशेषांत लपून राहिलेली थोडीच माणसं १७ जानेवारी १९४५ रोजी तिथे जिवंत सापडली. विस्तुलाच्या डाव्या तीरावरचं बाकी शहर निर्मनुष्य होतं.

चित्रकाराचा बॅकअप, विद्यार्थ्यांचा बॅकअप

पुन्हा बांधायचं तर कशावरून? इथे एक इटालियन चित्रकार मदतीला आला. तो वारून तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं झाली होती.

बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा, प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तोचा भाचा. पोलंडमध्ये तो मामाचंच नाव लावत असे. १७६७ साली रशियाला जाताना तो वॉर्सात थांबला आणि राजा स्तानिस्वाव आउगुस्तने त्याला ठेवूनच घेतलं. १७८० मध्ये मरेपर्यंत त्याने राजवाड्यासाठी शहराची दोन डझनांच्या आसपास मोठी चित्रं काढली. कॅमेरा ऑब्स्कुरा नावाच्या पेटीत समोरच्या दृश्याची सावली पाडून तो रेषा आखत असे. त्यामुळे खिडक्या मोजाव्यात इतका तपशील त्याच्या चित्रांत आहे. युद्धात जर्मनांनी ही चित्रं उचलून नेली होती, नंतर ती परत मिळाली. आज ती राजवाड्यात एकाच दालनात लावलेली आहेत. त्यांतली क्राकोव्स्किए प्शेद्म्येश्चे या राजरस्त्याची चित्रं पाहून बाहेर पडलात की तोच रस्ता, तीच घरं समोर दिसतात. त्यांतली काही घरं खरोखरच चित्रावरून बांधली आहेत.

ही गोष्ट सगळे गाइड सांगतात, कारण ती सुंदर आहे. पण जुन्या गावाच्या गल्ल्या आणि तो चौक उभा राहण्यात जास्त वाटा आहे तो एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचा. वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये ओस्कार सोस्नोव्स्की नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या विभागातले विद्यार्थी १९२०-३० च्या दशकांत टेप घेऊन जुन्या इमारती मोजत. भिंतीची जाडी, जिन्याची रुंदी, कमानीचा घेर, सगळं कागदावर. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल असतं, साधारण त्या जातीचं काम. सप्टेंबर १९३९ मधल्या माऱ्यात हा संग्रह वाचवायला धडपडताना सोस्नोव्स्की जखमी झाले आणि त्यातच वारले.

पुढे यान झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन अंमलातही हे काम चोरून चालू ठेवलं. १९४४ चा उठाव मोडल्यावर ते नकाशे शहराबाहेर काढून पिओत्रकूव गावच्या मठात, कबरींच्या जागी लपवले गेले. आपलं शहर जळत असताना माणसं घरांच्या मापांचे कागद आधी हलवतात, यातच त्यांनी पुढचं किती ठरवलं होतं ते कळतं.

१४ फेब्रुवारी १९४५ रोजी, युद्ध अजून संपलेलं नसताना, 'राजधानी पुनर्बांधणी कार्यालय' सुरू झालं. त्याच्या कागदपत्रांचा संग्रह आता युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत आहे.

रिस्टोअर म्हणजे निवड

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. कोणत्या तारखेचं वॉर्सा परत आणायचं?

१९३९ च्या ऑगस्टमधलं जुनं गाव हे देखणं पर्यटनस्थळ नव्हतं. तिथे गरिबांची दाटी होती. मूळ घरांवर एकोणिसाव्या शतकात मजले चढवले होते. मागच्या अंगणांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या होत्या, उजेडाला वाव नव्हता. झाख्वातोविच आणि मंडळींनी ते वॉर्सा परत आणलं नाही. त्यांनी सतराव्या-अठराव्या शतकाकडे झुकणारं रूप निवडलं. चढवलेले मजले गाळले, मागच्या चाळी बऱ्याच ठिकाणी बांधल्याच नाहीत आणि अंगणं मोकळी ठेवली. दर्शनी भिंत जुनी, आत मात्र नवे, सोयीचे फ्लॅट.

सेंट जॉन कॅथेड्रलचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. युद्धाआधी या चर्चची दर्शनी भिंत एकोणिसाव्या शतकात इंग्लिश गॉथिक धाटणीची करून घेतलेली होती. तिची छायाचित्रं होती, ती परत बांधता आली असती. झाख्वातोविचनी ती नाकारली आणि मध्ययुगात ती जशी असावी असं त्यांना वाटलं, तशी साधी, टोकदार, विटांची भिंत उभी केली. म्हणजे आज दिसणारी भिंत कोणत्याच बॅकअपमध्ये नव्हती. ती तज्ज्ञाने केलेली कल्पना आहे.

याला खोटेपणा म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. त्या लोकांना आपण काय करतोय हे पुरेपूर ठाऊक होतं. स्वतः झाख्वातोविच सांगत की वारसा-संवर्धनाच्या नियमांत हे बसत नाही, पण एखादं राष्ट्र पुसायच्या इराद्याने त्याच्या इमारती पाडल्या असतील, तर त्या तशाच पडू देणंही मान्य करता येत नाही. पण निवड झाली होती, ही गोष्ट रंगवलेल्या भिंतींमागे झाकली जाते. म्हणून ती मोठ्याने सांगायला हवी.

तिची किंमतही होती. ऑक्टोबर १९४५ च्या सरकारी हुकमाने शहराच्या हद्दीतली सगळी जमीन सार्वजनिक मालकीची झाली. नव्या रस्त्यांचं, नव्या वस्त्यांचं नियोजन त्यामुळे भराभर झालं, पण जुन्या मालकांच्या वारसांचे वाद अलीकडेपर्यंत चालू राहिले. विटांची टंचाई होती, म्हणून त्या व्रोत्सवाफसारख्या पश्चिमेकडच्या शहरांतून आल्या. व्रोत्सवाफ म्हणजे युद्धापूर्वीचं जर्मन ब्रेसलाउ. पोलंडची सीमा पश्चिमेला सरकवली गेली तेव्हा ते पोलंडकडे आलं. राजधानीला विटा हव्यात म्हणून तिथल्या काही दुरुस्त होऊ शकणाऱ्या इमारतीही पाडल्या गेल्या. एक शहर परत येताना दुसऱ्याचा थोडा भाग गेला.

राजवाड्याला मात्र वाट पाहावी लागली. कम्युनिस्ट सरकारने राजाचा वाडा बांधण्याचा निर्णय १९७१ पर्यंत लांबवला. मग देश-परदेशातल्या पोलिश लोकांनी वर्गणी दिली. लोरेन्त्स आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये वाचवलेले कोरीव तुकडे नव्या भिंतींत पुन्हा बसवले गेले. १९ जुलै १९७४ रोजी मनोऱ्यावरचं घड्याळ पुन्हा चालू केलं, तेही सकाळी सव्वाअकराला.

दुधाच्या किटलीतलं शहर

जुन्या गावापासून चालत वीसेक मिनिटांवर मुरानूव आहे. तिथे कॅमेरा घेतलेले लोक कमी दिसतात. साध्या तीन-चार मजली सरकारी वसाहती, मधे झाडं, कपडे वाळत घातलेल्या बाल्कन्या. नीट पाहिलं तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. कितीतरी इमारती रस्त्यापेक्षा उंचावर, टेकाडावर आहेत आणि दारापर्यंत पायऱ्या चढून जावं लागतं.

ते टेकाड म्हणजे आधीचं मुरानूव.

युद्धापूर्वी वॉर्सातला जवळपास दर तिसरा माणूस ज्यू होता आणि या भागात त्यांची सगळ्यात दाट वस्ती होती. नालेव्हकी हा तिथला गजबजलेला बाजाररस्ता होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी भिंत घालून हा भाग बंद केला. त्या घेट्टोत चार लाखांहून अधिक माणसं कोंबली. २२ जुलै १९४२ रोजी त्यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवायला सुरुवात झाली. दोन महिन्यांत सुमारे अडीच लाखांहून जास्त माणसं नेली गेली. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी शस्त्रं उचलली, तेव्हा एकेक घर जाळून घेट्टो संपवण्यात आला. १६ मे रोजी मोठं सिनेगॉग सुरुंगाने उडवलं गेलं.

तारखेकडे पुन्हा पाहा. २२ जुलै. अकरा वर्षांनी त्याच तारखेला जुन्या गावातल्या चौकाचं उद्घाटन झालं. यात कुणाचा डाव नव्हता. २२ जुलै हा कम्युनिस्ट राजवटीचा राष्ट्रीय दिवस होता, म्हणून ती तारीख निवडली. पण एकाच शहराच्या कॅलेंडरमध्ये एका तारखेला दोन अर्थ आहेत आणि त्यांतला एकच साजरा झाला.

मुरानूव परत बांधलं गेलं नाही. त्याला कारणं होती. ढिगारा इतका होता की उपसून नेणं अशक्य होतं. वास्तुविशारद बोहदान लाखेर्तने तो तिथेच सपाट करून त्यावर घरं उभी केली. घरांचे ठोकळेही विटांचा चुरा कालवलेल्या काँक्रीटचे होते. लाल-करड्या रंगाच्या या भिंतींनी जे झालं ते आठवत ठेवावं, असं त्याच्या मनात होतं. पुढे भिंतींना गिलावा केला गेला आणि तो रंग झाकला. आणि जुनं मुरानूव बांधलं असतं, तरी तिथे राहायला कोण येणार होतं? जुन्या गावाची घरं बांधल्यावर त्यांत राहायला पोलिश कुटुंबं होती. नालेव्हकीची माणसंच उरली नव्हती.

पण या वस्तीचाही एक बॅकअप आहे. एमानुएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने घेट्टोत असतानाच एक गुप्त गट जमवला. ते शनिवारी भेटत, म्हणून गटाचं सांकेतिक नाव 'ओयनेग शाबेस', म्हणजे शब्बाथचा आनंद. इमारती मोजायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांनी जमवल्या रेशनच्या पावत्या, शाळकरी मुलांचे निबंध, डायऱ्या, विनोद, भाकरीचे भाव, ट्रामची तिकिटं, मिठाईच्या गोळ्यांचे कागद, मृत्युछावणीतून पळून आलेल्यांच्या जबान्या. ऑगस्ट १९४२ मध्ये पहिला भाग नोव्होलिप्की रस्त्यावरच्या शाळेखाली दहा पत्र्याच्या पेट्यांत पुरला. पुरणाऱ्यांत दाविद ग्राबेर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. हा खजिना चांगल्या हाती पडावा, असं त्याने शेवटच्या चिठ्ठीत लिहून ठेवलं. तो वाचला नाही. रिंगेलब्लूमही मार्च १९४४ मध्ये कुटुंबासह मारला गेला.

त्या गटातली तीनच माणसं युद्ध संपताना हयात होती. त्यांतल्या हेर्श वासेरला पुरण्याची जागा ठाऊक होती. त्याच्या मदतीने १९४६ मध्ये पेट्या सापडल्या, तर डिसेंबर १९५० मध्ये दुधाच्या दोन मोठ्या किटल्यांत भरलेला दुसरा भाग मिळाला. हा सगळा संग्रह ज्यू इतिहास संस्थेत आहे. सिनेगॉगशेजारची ही इमारत वाचली, पण तिच्या दालनातल्या फरशीवर आगीचे डाग अजून आहेत. ते मुद्दाम पुसलेले नाहीत. दुधाची किटलीही तिथेच पाहायला मिळते, आपल्याकडे डेअरीवर दिसतात तशीच.

मला या दोन बॅकअपांतला फरक विसरता येत नाही. एकात शहराचा आकार होता, म्हणून आकार परत आला. दुसऱ्यात माणसांचा आवाज होता. तो कागदावर परत आला, पण त्याला राहायला घर मिळालं नाही.

कोल्हापूरची पाटी

जुनं गाव आणि मुरानूव यांच्या मधे क्राशिन्स्की बाग आहे. नालेव्हकीचा एक लहानसा तुकडा, दगडी फरसबंदी आणि ट्रामच्या रुळांसकट, या बागेलगत उरला आहे. जवळच जनरल आंदेर्सच्या नावाचा रस्ता आणि मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. त्या स्मारकाशेजारी २०१७ साली एक छोटं स्मारक उभं राहिलं. त्यावर वळीवडे आणि कोल्हापूरचं नाव आहे.

१९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरिया आणि मध्य आशियात नेली. पुढच्या वर्षी त्यांना सोडण्याचा करार झाला आणि आंदेर्सच्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुलं इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतली सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळ वळीवड्याला आली. १९४३ ते १९४८ तिथे पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. त्यांचे कित्येक पुरुष त्या वेळी इटलीत, मोंते कासिनोच्या आघाडीवर लढत होते.

आणि त्यांना कोणतंच वॉर्सा परत मिळणार नव्हतं. युद्ध संपलं तेव्हा पोलंडची पूर्व सीमा बदलून त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. शहराच्या भिंती पुन्हा बांधता येतात, पण सरकलेल्या सीमेपलीकडचं घर कोणत्या नकाशावरून बांधणार? त्यांतले बरेच जण पोलंडला न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेले. वळीवड्याच्या रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्या जागेचं गांधीनगर झालं, आणि आज आपल्याला ते माहीत आहे ते कापडाच्या घाऊक बाजारासाठी. एका घर गमावलेल्या वस्तीच्या जागी दुसरी तशीच वस्ती राहायला आली.

वॉर्सातल्या त्या पाटीसमोर उभं राहिलं की डाव्या-उजव्या हाताला ही तीनही शहरं हाकेच्या अंतरावर असतात. एक बांधून परत आणलेलं, एक ढिगाऱ्याखाली ठेवलेलं आणि एक सीमेपलीकडे राहिलेलं. पर्यटकांच्या नकाशावर ठळक अक्षरांत पहिलंच असतं. तुम्ही गेलात तर पहिलं जरूर पाहा, ते खरंच सुंदर आहे. पण एक दुपार बाकीच्या दोघांसाठी ठेवा.

रिंगेलब्लूमच्या संग्रहाचा एक तिसरा भागही होता. घेट्टोतला उठाव सुरू होण्याच्या सुमारास तो याच बागेजवळच्या श्व्येंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला गेला, असं मानलं जातं. त्या जागी आता चिनी दूतावासाचं आवार आहे. २००३ मध्ये तिथे खणून पाहिलं, पण तो भाग सापडला नाही. त्यात कुणाच्या डायऱ्या होत्या, कुठल्या घरांचे पत्ते होते, ते अजून कुणाला माहीत नाही.